हिरव्या दिव्याचा मुराळी

"लाल?" विमानाच्या आतून रेठरेकर सरांचा आवाज आला.

"लागला, सर," डाव्या पंखाशी उभा असलेला जालिंदर ओरडला.

"पांढरा?"

"शेपटीचाही लागला."

"हिरवा?"

उजव्या पंखाच्या टोकाशी मी उभी होते. हिरव्या काचेच्या बोंडात मला माझंच तोंड दिसत होतं, इवलंसं, फुगलेलं. उजेड मात्र काडीचा नव्हता.

"हिरवा नाही, सर."

आत खटका दोनदा वाजला. मग दारातून सरांचं टक्कल बाहेर आलं आणि त्यामागून त्यांच्या भुवया. हवाई दलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भुवया अजून नोकरीत होत्या.

"काल संध्याकाळी लागत होता," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलाय."

"आज सण म्हणून रुसला असंल," मागून कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली.

खंडेनवमीची सकाळ होती ती. माणदेशातला उघडाबोडका माळ, माळावर एक जुनी धावपट्टी आणि तिच्या कडेला आमचं हँगर. आत एकच विमान. दोन माणसांचं, उडणं कधीचं थांबलेलं, आमच्यासारख्या विमानदुरुस्ती शिकणाऱ्यांनी खोलावं-जोडावं म्हणून ठेवलेलं. आम्ही त्याला आक्का म्हणायचो. धावपट्टीवर मेंढरं बसलेली असत आणि आत आक्का बसलेली असे, दोघांनाही कुठं जायची घाई नव्हती.

त्या दिवशी पाटावर पान्हे मांडले होते, पक्कडी मांडल्या होत्या. मीटरच्या काचेला कुंकू लावू नका म्हणून सरांनी दोनदा बजावलं होतं. आक्काच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ होती. हँगरमध्ये पेट्रोलचा वास, तेव्हा निरांजन सोडाच, उदबत्तीसुद्धा चालत नसे. म्हणून सरांनी एक रीत पाडली होती. खंडेनवमीला आक्काचे तिन्ही दिवे लावायचे. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. तेच औक्षण, तीच आरती.

आणि हिरवा लागत नव्हता.

सर खाली उतरले, हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "विजयमाला, हा दिवा तुझा."

"माझा?"

"पूजा थांबली तरी चालेल. देवी कुठं पळून जात नाही. बिघाड कुठं आहे ते तू शोध. सापडला, तर मुंबईच्या यादीत तुझं नाव. नाही सापडला, तर पुढच्या वर्षी पुन्हा इथंच, माझ्यासमोर."

मुंबईच्या मोठ्या हँगरनं आमच्यातली दोघं शिकाऊ उमेदवारीसाठी मागितली होती. एक जालिंदर, ते ठरलेलं होतं. दुसऱ्या जागेवर सरांनी माझं नाव अडवून धरलं होतं. लेखी पेपरात मी वर्गात पहिली. दाब भागिले रोध, बरोबर धारा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण सरांना सूत्र नको असे. ते म्हणत, "चालून दाखव." म्हणजे बॅटरीपासून बोट ठेवायचं आणि वीज जाते त्या वाटेनं चालत चालत परत बॅटरीला यायचं. माझं बोट फळ्यावरच्या दिव्यापर्यंत सुरेख जायचं आणि तिथं थबकायचं.

"पुढे?"

"पुढे अर्थ, सर."

"अर्थ म्हणजे?"

"अर्थिंग. जमिनीत जाते."

"आणि विमान उडाल्यावर? जमीन काखोटीला मारून नेतं का?"

वर्ग हसायचा. मीही हसायचे, पण मला खरंच कळत नव्हतं. आमच्या वस्तीवर विहिरीच्या मोटरीशेजारी खड्डा होता, त्यात मीठ-कोळसा घालून सळई पुरलेली. वीज शेवटी तिथं जाते, एवढं मला ठाऊक. आणि बाकीची दिव्यात जळते. लहानपणापासून ऐकत आले होते, "माले, उगी लाईट जाळू नगंस." लाईट येते, लाईट जाते, लाईट जळते. ती परत येते असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

पण त्या सकाळी भीती फक्त सरांची नव्हती. हँगरच्या दाराशी लोखंडी खुर्चीवर, पायाशी पिशवी ठेवून, माझी आई बसली होती. आदल्या दिवशी एसटीनं आली होती. मला न्यायला.

अण्णांनी तिच्याबरोबर निरोप धाडला होता: शिकलीस तेवढं बास. मुंबईला सोडायचं कुणी, आणायचं कुणी? तुला ना पाठचा भाऊ, ना पुढचा.

"अन् तुला काय वाटतं?" मी तिला विचारलं होतं.

"मला काय वाटायचंय. सण बघू, अन् उंद्या निघू."

अण्णांचं 'नाही' आईच्या 'हो'पुढं फार दिवस टिकत नसे. पहिल्या दिवशी दगड, दुसऱ्या दिवशी ढेकूळ, तिसऱ्या दिवशी माती. पण आई 'हो' म्हणतच नव्हती. तेव्हा मुंबईच्या वाटेवर दोन कुलुपं होती. एकाची किल्ली सरांकडे, दुसऱ्याची तिच्याकडे.

मी मीटर उचललं.

आधी बल्ब काढला आणि मेजावरच्या बॅटरीला लावून पाहिला. लख्ख पेटला. फ्यूज पाहिला, शाबूत. मग पंखाच्या टोकाची झाकणपट्टी उघडली आणि दिव्यापर्यंत येणाऱ्या तारेवर मीटरची एक टोकणी ठेवली, दुसरी पंखाखालच्या उघड्या बोल्टवर. काटा चोवीसवर गेला.

"दाब पुरता आहे, सर."

"बरं."

"बल्ब चांगला आहे."

"बरं."

"मग पेटत का नाही?"

"ते मी तुला विचारलंय," सर म्हणाले आणि पाटाशी जाऊन झेंडूची फुलं सारखी करू लागले.

जालिंदर जवळ आला. फलटणचा पोरगा. त्याचे मामा ट्रकवर मोर आणि कमळं काढायचे, त्यामुळे रंगाचं वेड रक्तातच. पूजेसाठी आक्काला दोन दिवस खपून त्यानंच रुपेरी रंग दिला होता. आदल्या रात्री दिवे पाहून झाल्यावर उरलासुरला हातही त्यानंच मारला होता. "होल्डरमध्ये माती असंल," तो म्हणाला. होल्डर पुसला. काही नाही.

पोरं पांगली. कुणी प्रसादाच्या पेढ्यांभोवती घुटमळू लागलं. मी पंखाखाली पालथ्या बादलीवर बसले. तेवढ्यात आई उठून माझ्याजवळ आली, पदरानं पंखाची कड पुसली, जणू आक्काचा गालच.

"काय गं? न्हाई व्हय जमत?"

"जमंल."

"ही तार कुठनं येती?"

"बॅटरीतनं. तिकडं, पोटात हाय बॅटरी."

"अन् मग?"

"मग खटका. मग ह्या पंखातनं लांबलांब येती, अन् दिव्यात शिरती."

"अन् जळती."

"हां."

आईनं दिव्याकडं हात केला. "मग संपली म्हणायची."

"न्हाई," मी म्हणाले. पेपरात लिहिलेलं वाक्य तोंडातून आलं. "जेवढी बॅटरीतनं निघती, तेवढीच परत बॅटरीत येती."

"आता गं! जळली न्हवं? मग परत काय येतं, राख?"

मला हसू आलं. आणि हसता हसता मी अडखळले. कारण आईला उत्तर द्यायचं तर पेपरातलं वाक्य पुरणार नव्हतं. तिला खरंच सांगावं लागणार होतं.

"जळत न्हाई गं ती," मी सावकाश म्हणाले. "राबती. दिव्यात शिरती, तिथं घासूनपुसून उजेड करती, अन् काम झालं की निघती. कणभर कमी व्हत न्हाई."

"म्हंजे लेकीवानी."

"कशी?"

"सासरी जाती, राबती, अन् सणाला माहेरी येती. लेक का कमी व्हती व्हय?" आईनं पंखावर हात टेकला. मग तिच्या नेहमीच्या सवयीनं, बोलता बोलता गळ्यातल्या गळ्यात ओवी आली. तिचं असंच. भाकरी थापताना, एसटीची वाट बघताना, केव्हाही.

*पंचमीच्या गं सणाला, साऱ्या लेकी आल्या घरा*
*माझ्या मैनाच्या मुराळ्या, वाट दाव रं पाखरा*

"मग हिला आणाया कोण जातं?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"ह्या तुझ्या विजंला. लेकीला आणाया भाऊ जातो मुराळी म्हणून, हिचा मुराळी कोण? जायाला तार हाय म्हणतीस. याला कुठाय?"

मी उघड्या झाकणपट्टीतून आत पाहिलं. रोज पाहत होते, पण त्या दिवशी पाहिलं. दिव्याकडे येणारी एक लांब तार. आणि दिव्यातून निघणारा वीतभर तारेचा तुकडा, त्याच्या टोकाला पितळी पाकळी, आणि ती पाकळी एका स्क्रूनं पंखाच्या आतल्या फासळीला आवळलेली. बस्स. पुढे तार नाही.

पुढे आक्का होती.

"याला तार न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "ह्यो पत्राच तिची वाट हाय, आई. पंख, पोट, सगळं अंग. दिव्यातनं निघाली की ती पंखात उतरती अन् पंखातनं चालत चालत घरी जाती. तिला आणाया कुणी जात न्हाई. तिची तीच येती."

"एकली?"

"एकली."

मी बोलतच सुटले. "अन् ही वाट जर मधी कुठं मोडली ना, तर ती निघतच न्हाई. तिकडं बॅटरीत बसून ऱ्हाती. दाब सगळा आसतो, जायाची वढ आसती, दारातल्या म्हशीवानी दावं ताणून उभी. पण परत याची वाट न्हाई, म्हणून पाऊल टाकत न्हाई."

हे बोलले आणि मी बादलीवरून उठले. कारण आता कुठं पाहायचं ते मला कळलं होतं.

बल्ब पुन्हा बसवला. सरांना सांगून खटका लावला. मीटरची एक टोकणी त्या पितळी पाकळीवर ठेवली, दुसरी पंखाखालच्या त्याच उघड्या बोल्टवर. दिव्याच्या परतीच्या बाजूला, घराच्या उंबऱ्याशी, काट्यानं शून्यावर निवांत पडून राहायला हवं होतं. पाकळी आणि पंख एकच तर अंग.

काटा चोवीसवर गेला.

"सर!"

सर आले. काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भुवया किंचित हलल्या. "काय दिसतं?"

"सगळा दाब इथं अडलाय. पाकळी आणि फासळी एकमेकांना चिकटून दिसतात, पण मध्ये काहीतरी आहे."

"काय?"

मी खटका बंद करवून घेतला आणि स्क्रू काढला. पाकळी उचलली. तिच्याखाली फासळीचा पत्रा नितळ, गुळगुळीत, रुपेरी चकाकत होता. नखानं खरवडला तर नखाखाली रुपेरी साय आली; स्क्रूच्या आट्यांतही तीच.

"रंग," मी म्हणाले.

सगळ्यांची मान एकदम जालिंदरकडे वळली.

"आता माझ्याकडं काय बघताय!" तो म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "तिथं गोल टिकली एवढा पत्रा उघडा होता, सर. खरवडलेला. चांगलं दिसत नव्हतं. स्क्रू काढून नीट रंग दिला आन् परत आवळला. मामा म्हणतात, नट न काढता रंगवतो तो पेंटर न्हवं, तो फडकं मारणारा."

"मामांना नमस्कार सांग," सर म्हणाले. "आणि सांग, तुमच्या ट्रकच्या दिव्यांनाही असाच एकेक उघडा पत्रा लागतो. तो कुणी मुद्दाम खरवडून ठेवलेला असतो."

"सणाचं म्हणून रंगवलं, सर."

"हो रे. नववधूला नटवताना कुणी तिचं तोंडही रंगवून बंद करत नाही." पोरं हसली. सरही हसले, ते आम्ही क्वचितच पाहिलेलं. "लाजू नकोस. तुझ्यामुळं आज सगळ्यांना कळलं."

मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि पाकळीएवढी जागा घासू लागले. रुपेरी गेलं, करडं गेलं, आणि खालचा खरा पत्रा वर आला, देवघरातल्या ताज्या टाकासारखा. पाकळी बसवली, स्क्रू आवळला.

"लावा, सर."

खटका वाजला.

हिरवा उजेड एकदम माझ्या हातांवर सांडला. बोटं हिरवी, मनगट हिरवं, आईचा पदर हिरवा. पोरांनी ओरडा केला, बाहेर धावपट्टीवरची मेंढरं दचकून उठली.

"थांबा," सर म्हणाले. "अजून झालं नाही. चालून दाखव."

मी बॅटरीपाशी गेले आणि तिच्या खांबावर बोट ठेवलं. तिथून खटका. खटक्यातून फ्यूज. मग तारेच्या नळीवरून हात फिरवत पंखाच्या मुळाशी, आणि पंखाच्या कडेनं टोकापर्यंत. दिवा. दिव्यातून पाकळी. इथं मी नेहमी थांबायचे. या वेळी मी आख्खा तळहात पंखावर टेकवला आणि परत चालू लागले. पत्रा दारातून येणाऱ्या उन्हानं कोमट होता. पंख, पोटाचा फुगवटा, दाराची चौकट, मग आत, आणि बॅटरीचा दुसरा खांब, जिथून एक जाड पट्टा आक्काच्या अंगालाच बांधला होता.

"आली," मी म्हणाले.

"किती आली?"

"निघाली तेवढीच."

सरांनी मान हलवली. "यादीत दुसरं नाव घालतो," एवढंच म्हणाले आणि पूजेला बसले. आईला बोलावून नारळ तिच्याच हातात दिला. "ताई, तुम्ही फोडा."

"म्या? मास्तर, तुमी असताना?"

"आज तुमचाच मान."

आईनं नारळ फोडला, त्यातलं पाणी आक्काच्या चाकावर शिंपडलं. पेढे वाटून झाले, पोरं गलका करत बाहेर गेली. आई मात्र पुन्हा त्या हिरव्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. मी लांबून बघत होते. ओठ हलत होते. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. ओळ ती तोंडात घोळवते, कडधान्य निवडल्यासारखी, खडा काढून टाकते, पुन्हा घोळवते.

*गेली उजेडाची लेक, दूर पंखाच्या टोकाला*
*न्हाई मुराळी लागला, आली पायानं घराला*

सर कुंकवाची वाटी उचलायला वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले. आई वळली, सर ऐकताहेत हे दिसताच लाजली, पदर सारखा केला.

"मास्तर," ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा की."

"मुंबईहून आमच्याकडं याची गाडी मिळती का? का मधी बदलावी लागती?"

"साताऱ्याला बदलावी लागते."

"साताऱ्याला," आई स्वतःशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, "माले, साताऱ्याचा स्टँड लई मोठा हाय. कुठल्या फलाटाला लागती ते नीट इचारून घ्यायचं. येडबडायचं न्हाई."

मी मान हलवली.

घरी गेल्यावर तिनं अण्णांना काय सांगितलं मला माहीत नाही. दोन दिवस ते बोलले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पत्र्याची पेटी आणली आणि तिला स्वतःच्या हातानं कुलूप लावून पाहिलं.

त्यानंतर मी विमानांच्या पोटात किती वर्षं काढली! उघडा पत्रा दिसला की अजून आधी हात लावते. पण मला आठवतं ते मुंबईला गेल्यानंतरचं पहिलं येणं. दिवाळीची सुट्टी अचानक मिळाली होती, कळवायला वेळ नव्हता. साताऱ्याला गाडी बदलली, फाट्यावर उतरले, पेटी डोक्यावर घेतली आणि बाजरीच्या रानातून वस्तीवर आले.

आई अंगणात शेंगा फोडत होती. मला पाहून उठली, ओटीतल्या शेंगा सांडल्या. आणि माझ्या खांद्यावरून तिनं मागच्या वाटेकडे नजर टाकली.

"कुणासंगं आलीस?"

"माझी मीच."

वाट रिकामी होती. तरी तिनं ती एकदा शेवटपर्यंत पाहून घेतली. मग हसली, आत गेली आणि भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "थांब तिथंच," म्हणाली, "उंबऱ्याबाहेर," आणि तुकडा माझ्यावरून ओवाळून उजवी-डावीकडे टाकला.